सगळ्यात जड फाइल

फोटो एडिटिंगसाठी नवा कॉम्प्युटर घ्यायला फोटोग्राफर निघाला, तेव्हा त्याची ताईही हौसेने बरोबर आली. दुकानदार ऐटीत म्हणाला, "तुमची सगळ्यात जड फाइल उघडा साहेब, मग बोला!" फोटोग्राफरने पेनड्राइव्हवरचा धाकट्या भावाच्या लग्नातला ग्रुप फोटो उघडला.

"आता वेग बघा," म्हणत दुकानदाराने फोटोवर केलेले बदल एकेक करून काढायला सुरुवात केली. आभाळाची निळाई गेली, काकांचं टक्कल पुन्हा चमकायला लागलं. ताई खुदकन हसली. फोटोग्राफर माउस हिसकावून घेणार, तोवर पुढचा बदलही निघाला आणि नवरीच्या अगदी शेजारी, चेहऱ्यावर कोडाचे पांढरे डाग असलेली ताई दिसायला लागली.

"तू होतीस तो फोटो हलला गं, हा तू यायच्या आधीचा," असं त्याने तेव्हा तिला सांगितलं होतं. आता त्याची मान काही वर होईना.

ताई पडद्याजवळ सरकली आणि तिने स्वतःचा चेहरा नीट पाहिला. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली,



"हाच घे रे. यावर सगळं दिसतंय."