वसमतचा हमाल

हिंगोली जिल्हा झाला ते १९९९ साल. त्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या आणि नामाजी हमालाचा हात थरथरत होता. पोत्यात रुतवायचा लोखंडी आकडा भलतीकडेच जायचा.

मुकादम लालसिंग सकाळीच म्हणाला होता, “महिनाभरात हात थाऱ्यावर आला तर बरं. न्हाईतर घरी बस, नामाजी.”

दुपारी भागाबाई नवऱ्याची भाकर घेऊन आली. सोबत शिवकन्या, नांदेडला एम.एस्सी. शिकणारी लेक. नामाजीनं खिशातून पुडी काढली. बीपीवरची सर्पगंधा, कनेरगाव नाक्याच्या वैदूनं दिलेली.

“डॉक्टरनं बंद करा म्हणलं न्हाई का? दुसरी गोळी दिली ना त्यानं?” भागाबाई कडाडली.

“वर्सभर हीच खाऊन राहिलो. तुझा डॉक्टर काल आला.”

“आबा, थांबा!” शिवकन्यानं वही उघडली. “काल वाचलं अन् आज पहिली एसटी धरली. मेंदूत बारकी बारकी पोती असतात. त्यात डोपामीन नावाचा माल. पोतं सुटलं की हाताला हुकूम जातो. पण ही पुडी माल भरणाऱ्या हमालालाच बांधून टाकती. पोती रिकामी. मग हात थरथरणार न्हाई तर काय?”

नामाजीचा घास हातातच राहिला. “हमाल? डोस्क्यात?”

“व्हय. व्हीमॅट नाव त्याचं.”

“वसमत? आपल्या शेजारच्या वसमतचा हाय का गडी?”

भागाबाईला हसू आवरेना. शिवकन्या समजावायला गेली, तोवर नामाजी उठला होता.

“लालसिंगऽऽ! आपल्या डोस्क्यात बी हमाल हाय रे! वसमतचा! अन् म्या येड्यानं त्यालाच बांधून ठिवलं!”

कित्येक महिन्यांत त्याचा आवाज एवढा लांब गेला नव्हता. पुडी त्यानं नालीत उधळली.

“आता सुटंल का तो?”

“जुना न्हाई सुटायचा, आबा. नवे येतील. दोन-तीन आठवडे लागतील.”

“लागू दे. नवा गडी दमानंच रुळतो.”

तो रोज डॉक्टरची गोळी घ्यायचा आणि आकडा पोत्याला लावून बघायचा. विसाव्या दिवशी आकडा नेमका रुतला आणि हलला नाही. पहिलं पोतं लालसिंगनं स्वतः त्याच्या पाठीवर चढवलं.

पुढं लालसिंग मुकादमी सोडून डोंगरकडा गावी शेती करू लागला. भागाबाईनं त्या वैदूशी बोलणं टाकलं ते कायमचं. शिवकन्या कॉलेजात शिकवते. व्हीमॅट म्हणताना अजून तिची जीभ ‘वसमत’वर घसरते आणि पोरं हसतात.

नामाजीनं आणखी नऊ वर्षं पोती वाहिली. रोज दुपारी भाकरीचं फडकं सोडण्याआधी तो दोन बोटं कानशिलावर ठेवायचा आणि हळूच विचारायचा, “जेवला का, गड्या?”