धरायला काहीतरी

एकशे बाराव्या ताटलीतही स्फटिक नव्हता. थोरलीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि पुढची ताटली डाव्या हाताने ओढली. उजवा खांदा धरलाय म्हणे, म्हणून तो हात वर्षभर कोटाच्या खिशातच. तंत्रज्ञ काकांनी तेल सुचवलं होतं. तिने हो-हो केलं होतं.

"सहा वर्षं झाली," काका म्हणाले. "या प्रथिनाने नाकी नऊ आणलेत."

"मीही त्याच्या आणीन."

हट्टी बाई! काकांनी ताटल्या धुवायला घेतल्या.

हे प्रथिन आरएनएला धरतं आणि कुठल्या जनुकाची नक्कल कधी काढायची ते ठरवतं. धाकट्या बहिणीच्या शरीरात ते वाकडं घडत होतं. आधी तिचा उजवा हात थरथरू लागला, मग पाय गेले. दिवसभर शिलाई मशीन पळवणारी बाई आता चाकाच्या खुर्चीतून थोरलीला चिडवायची, की तुझं लग्न त्या प्रथिनाशीच लावून देते. थोरली हसायची आणि आत जाऊन रडायची. प्रथिनाचा आकार दिसला, तरच त्या वाकड्या जागी बसणारं औषध घडवता येणार होतं. आणि आकार दिसायला स्फटिक हवा.

नमुने दोन होते. एक धाकटीच्या जनुकावरून केलेला, दुसरा थोरलीच्या. तुलनेला निरोगी माणसाचा नमुना लागतोच, तो घरच्या घरी मिळाला म्हणून काका खूश होते.

एका सकाळी थोरली आली तीच घाईत. प्रथिन एकटं ठेवायचं नाही, म्हणाली, आरएनएचा तुकडा सोबत द्यायचा.

"मोकळा हात हलतो, काका. धरायला काहीतरी दिलं की थांबतो."

काकांना धाकटी आठवली.

नवव्या दिवशी दोन्ही नमुन्यांत स्फटिक आले. क्ष-किरणांचं काम, मग महिनाभर आकडेमोड. शेवटी दोन्ही आकार पडद्यावर शेजारी शेजारी उभे राहिले. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सगळा घोळ झाला. दोन्ही नळ्यांत धाकटीचाच नमुना भरला गेला वाटतं. दोन्हींत तोच वाकडेपणा, त्याच जागी."

"जागा तर सापडली ना? मग उद्यापासून औषधाला लागायचं."

"अहो, पण तुलनेचा नमुना?"

"नळ्यांत घोळ नाही, काका. धाकटीला एवढ्यात सांगू नका."

तिने उजवा हात खिशातून काढला. मुठीतलं धाकटीचं दोऱ्याचं रीळ टेबलावर ठेवलं, आणि मोकळी झालेली बोटं थरथरू लागली.