चतकोर

आंदोंग शहरातल्या ग्वाक गुरुजींनी त्या शेवटच्या दुपारीही नाशपाती नेहमीसारखीच कापली. मुलाला अर्धी, थोरल्या लेकीला, मिरानला, चतकोर.
"बोल, अर्धा अधिक पाव?"
"आधी छेद समान करायचे, बाबा. मग पाऊण." मिरानने हसून आपली चतकोर खाल्ली.

पहाटे गुरुजी गेले. काकांनी सुतकाची दोन काळ्या रेघांची पट्टी भावाच्या दंडाला बांधली.
"मलाही बांधा."
"मुलगा असताना मुलीला कशाला गं पट्टी?"

मिरानने नैवेद्याच्या फळांजवळची सुरी उचलली. भावाने पट्टी सोडून पुढे धरली. दोन रेघांच्या मधून ती कापून मिरानने अर्धी स्वतःच्या दंडाला बांधली आणि बाबांच्या फोटोसमोर उभी राहिली.

"बाबा, नाशपातीही मला अर्धीच हवी होती."