बिजागऱ्या

जुने लॅपटॉप जमवायचा मला नाद. जो मी चार वर्षं शोधत होते, तो एका अनोळखी आजोबांनी विकायला काढला होता. भाव पाडायचा तर आनंद लपवावा लागतो. मी झाकण उघडलं. सोडलं तिथेच ते थांबलं. तरी कडेवरच्या लेकीला सावरत मी नाक मुरडलं, "बिजागऱ्या पार ढिल्या झाल्यात हो. भंगारच."

आजोबांनी लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "पैसे नकोत, पोरी."

"अहो, असं कसं?"

"कारखान्यात या बिजागऱ्या मीच बसवायचो. घरी बढाया मारायचो, हे झाकण कधी मान टाकायचं नाही म्हणून." ते ओशाळून हसले. "माफ कर हं."

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चालायचंच, आजोबा."