टेबलामागची चिठ्ठी

मुलांनी बारा वर्षांत लिहिलेल्या सगळ्या गोष्टी शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. आज सकाळी मुख्याध्यापिका बाईंनी बक्षिसाची एक मेल हौसेनं उघडली आणि पडद्यावर मजकूर आला: 'तुमच्या फायलींना कुलूप घातलंय. किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा.'

"घाबरू नका बाई, सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर आहे," असं म्हणत कॉम्प्युटरचे सर टेबलामागे वाकले. तिथे त्यांनीच ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती: 'प्रतीची डिस्क कधीही काढू नये.' ती वाचता वाचताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कायम जोडलेली डिस्क म्हणजे कुलूपवाल्याला ती आयतीच सापडणार! मुलांना इतकं शिकवतो आणि आपल्यालाच हे कसं सुचलं नाही?

पण चिठ्ठीखाली डिस्क नव्हतीच. तिच्या जागी एक फोन जोडलेला होता.

"सर, रागावू नका हं," शिपाई मावशी दारातून चाचरत म्हणाल्या. "सकाळी झाडलोट होईपर्यंत मी तिथे फोन चार्ज करते. दुपारी तुमची डबी परत लावते, अगदी रोज!" आणि त्यांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेली डिस्क काढून दिली.

सरांनी ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासली. मुलांची गोष्ट न् गोष्ट शाबूत होती.



दुपारी टेबलामागे नवी चिठ्ठी लागली: 'प्रत झाली की डिस्क लगेच काढावी आणि मावशींचा फोन लावावा.'