चाकाला दगड

बाबा असेपर्यंत मी हँडब्रेक दुरुस्त केलाच नाही. उतारावर गाडी लावली की सीटवरूनच सांगायचो, "बाबा, चाकाला दगड लावा." एकदा ते वाकले आणि गाडी मागे गेली. लोकांना मी सांगितलं, पाय घसरला त्यांचा.

महिन्याने मेकॅनिकला घरी बोलावलं. गाडी दारासमोरच्या उतारावर उभी होती. तो गाडीखाली डोकावला.

"केबल पार तुटलीय. गियरमध्येही नाही, चाकाला दगडही नाही. गाडी थांबलीय कशी?"

त्याने नवी केबल बसवली. मी सीटवरूनच हँडब्रेक ओढला.

"झालं," तो खालून म्हणाला. "मागून गाडी धरून ठेवलीय त्या काकांना म्हणावं, सोडा आता. पाय थरथरतायत त्यांचे."

आरशात कुणीच नव्हतं. मान खाली घालून मी पुटपुटलो, "बाबा, सोडा."

गाडी बोटभर मागे सरकली आणि ब्रेकवर टेकली.