दोन विमानतळांच्या मध्ये

तिचं विमान शहराच्या एका टोकाच्या विमानतळावर उतरलं, पुढचं दुसऱ्या टोकाच्या विमानतळावरून सुटणार होतं. मधलं अंतर पंचेचाळीस किलोमीटर, हातात दोन तास. टॅक्सी पुलावर मुंगीच्या पावलांनी सरकत होती. "बाई, शर्थ करतो, पण वेळेचं खरं नाही," टॅक्सीवाला म्हणाला. दवाखान्यातून भावाचा फोन आला. "ताई, बाबांचे हाल बघवत नाहीत. तू येईपर्यंत श्वासाचं मशीन चालू ठेवायचं का, डॉक्टर विचारताहेत." विमान मिळालं तरी पुढे नऊ तासांचा प्रवास होता. तिने पुलावर अडकलेल्या गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको रे, बंद करा. पण आधी फोन त्यांच्या कानाला लाव." भावाने लावला. "बाबा, मी पोहोचले. आलेच बघा, जिना चढतेय," ती म्हणाली. बाहेरचे हॉर्न ऐकू जाऊ नयेत म्हणून टॅक्सीवाल्याने काचा हळूच वर केल्या.